श्रावणातली मरळ

आमच्या घरात बाईमाणसानं मासे धरायला जायची रीत नव्हती, आणि तरी माझी थोरली बहीण गोदाबाई जात असे. बाबांना ते माहीत होतं, मायलाही माहीत होतं. दोघांनी ते कधी पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं. शेण भरायला, काड्या वेचायला, कपडे धुवायला अशी काही ना काही सबब सांगून ती दुपारी निघायची आणि मला हाताला धरून न्यायची. आसेगावपासून पायी तासाभरावर आमचं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला नदी. नदीला नाव होतं, पण ते तलाठ्याच्या कागदात. गावात नदी म्हणजे नदीच. पावसाळ्यात ती भरली की तिचं पाणी बाजूच्या एका खोलगट जागेत शिरायचं आणि पूर ओसरला तरी तिथंच राहायचं. त्या जागेला आम्ही डबरं म्हणायचो. कडेनं लव्हाळं, मध्ये हिरवं शेवाळ, आणि तळाशी मरळी.

गळाला आमच्याकडे गरी म्हणतात. गोदाबाईच्या गरीला काठी नव्हती. काठी दिसली असती, आणि मग पाहावं लागलं असतं. पळसाच्या लाकडाची हातभर नव्हे, तळहाताएवढी फळी, तिच्या दोन्ही टोकांना खाचा, आणि त्या खाचांवर गुंडाळलेली दोरी. दोरी तिनं स्वतः सणाच्या, म्हणजे तागाच्या, वाखाची मांडीवर वळली होती आणि बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून घेतली होती, म्हणजे ती पाण्यानं कुजत नाही. टोकाला लोखंडी आकडा, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी. सगळं मिळून लुगड्याच्या ओच्यात मावायचं. दोरी हातानं भिरकावायची आणि मग तर्जनीवरून सोडून गप्प बसायचं. मासा डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतो. लहान मासा टोचून टोचून बघतो, सापासारखी लांब वाम दोरी हळू ओढत नेते, आणि मरळ एकदम हिसका देते. हे सगळं तिनं मला शिकवलं, माझं बोट आपल्या बोटाखाली धरून. मी बडबडी होते. तिथं मात्र मी तास तास बोलत नसे, आणि घरी आल्यावर माय म्हणायची, या पोट्टीची जीभ कुठं सांडून आली वं तू.

तिनं मला एक नियमही शिकवला होता. पावसाच्या दिवसांत कधी कधी डबऱ्याच्या पाण्यावर लाल पिलांचा पुंजका वर यायचा. शेंदरी लाल, जिऱ्याएवढी, शेकड्यांनी. श्वास घ्यायला सगळी मिळून वर येत आणि सगळी मिळून खाली जात. ती मरळीची पिलं. त्यांच्या खाली हातभर पाण्यात मरळ थांबलेली असते आणि पिलांवरून काहीही गेलं, पान गेलं, बेडूक गेला, तरी ती धावून तोंडात घेते. भूक म्हणून नव्हे, रागानं. म्हणून तिथं टाकलेली गरी कधी रिकामी येत नाही. "तिथं टाकाची नाही," गोदाबाई म्हणायची. "येक मरळ भेटते अन् हजार पिलं मरते. थे धरनं नाही, थे चोरी हाये." नदीवरचे भोईसुद्धा पिलांवर जाळं टाकत नसत. ते पिलं दिसली की हात जोडून दुसरीकडे जात. आम्ही हात जोडत नव्हतो, पण जागा बदलायचो.

घरात मासे शिजत, पण चुलीवर नाही. अंगणाच्या कडेला तीन दगड मांडून त्यावर वेगळं मडकं, वेगळा पळा. बाबा भोयाकडून आणत, माय तोंडाला पदर लावून शिजवत असे आणि स्वतः खात नसे. जवसाचं तेल, भरपूर लसूण, वाटलेली मिरची आणि वरून भाजलेल्या खोबऱ्याची पूड. त्याबरोबर ज्वारीची गरम भाकर. गोदाबाई डोक्याकडचा तुकडा मागून घ्यायची. तिला काटे चोखायला आवडत. बाबा तिला मांजरी म्हणत आणि आपल्या ताटातलं डोकं तिच्या ताटात टाकत. श्रावण लागला की ते मडकं धुऊन गोठ्याच्या आढ्याला उपडं टांगलं जायचं, ते पोळा झाल्यावरच खाली यायचं. त्या महिन्यात भोईसुद्धा गावात फिरत नसत, कारण कुणी घेतच नसे.

गोदाबाईचं लग्न मेडशीला झालं. बैलगाडीनं दोन दिवसांची वाट. सासर खातंपितं, माणसं वाईट नव्हती, पण घरात गळ्यात माळ. कांदासुद्धा चातुर्मासात बंद. जाताना तिनं गरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आता तुयी." दोन वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मला ती आधी ओळखू आली नाही. तोंड सुजल्यासारखं, पाय जड, हातात भरपूर बांगड्या. ओट्यावर बसली आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "डबरं भरलं का वं?" भरलं होतं, पण तिला तिथं जाता येत नव्हतं. पोटुशी बाई पाण्यावर गेली की पाण्यातल्या आसरा धरतात, असं आमच्याकडे मानतात, आणि मायनं तिला नदीची वाटसुद्धा बंद केली होती. दिवसभर ती ओट्यावर बसून ज्वारी निवडायची, गोधडी शिवायची. कवेलूंवर पाऊस वाजायला लागला की हात थांबवून ऐकायची. मी नदीवरून आले की माझा हात ओढून वास घ्यायची.

आणि नवव्या महिन्यात, ऐन श्रावणात, तिला मरळ खावीशी वाटू लागली. तिनं ते फक्त मला सांगितलं, गोठ्यात, गाईच्या आडोशानं. "सुभे, मले झोप येत नाही. डोळे मिटले का तोच वास येते. दोन वर्सं झाले." मी म्हटलं, पोळा होऊ दे, मग बाबा आणतील. ती हसली. "पोळ्यावर बाळंतपन आलं. बाळंतिणीले कोन देते मासे? अन् सव्वा महिना झाला का गाडी येते मेडशीची." मी दहा वर्षांची होते, पण हिशेब मला कळला. आत्ता नाही तर तिला ती कधीच मिळणार नव्हती. पोटुशीची इच्छा मारली तर लेकराचे कान फुटतात, हे मायच सांगायची. पण श्रावणात मासे मागणारी पोटुशी असू शकते हे मायच्या ध्यानात आलं नसेल.

मी आठ दिवस रोज गेले. दोन-तीन बोटभर मासे लागले, ते सोडून दिले. मरळ काही हिसका देईना. घरी आले की गोदाबाई माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी मान हलवायचे. ती म्हणायची, राहू दे. पण "राहू दे" म्हणताना ती जो आवंढा गिळायची, तो मला दिसायचा, आणि त्याचा मला राग यायचा. तिच्यावर नाही, डबऱ्यावर. मग सोमवार आला. माय गावच्या बायांबरोबर महादेवाला गेली, ती दुपार कलल्याशिवाय येणार नव्हती. बाबा शेतात निंदणाच्या बायांवर होते. मी डबऱ्यावर गेले, लव्हाळ्यात बसले, आणि समोर चार हातांवर पाणी लाल झालं. पिलं वर आली होती. मी उठले. नियमाप्रमाणे दुसऱ्या बाजूला गेले, तिथं थोडा वेळ बसलेही. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, झालं तसं लिहिते. तिथं दोरी टाकली, काही लागलं नाही. ऊन वर चढत होतं. माय परत यायच्या आत शिजवून, खाऊन, मडकं जागेवर जायला हवं होतं. मी परत पहिल्या जागी आले, आकड्याला लहान बेडकी लावली आणि लाल पुंजक्याच्या बरोबर वर टाकली.

हिसका असा बसला की दोरीनं बोट कापलं. ती खुणेची रेघ अजून आहे. मरळ माझ्या कोपरापर्यंत लांब होती. वर ओढली तेव्हा ती काठावर आपटत राहिली, आणि मागे पाण्यात पिलं चहूकडे पांगली, परत जमली, पुन्हा पांगली. मी तिकडे पाठ केली. पुढे खूप वर्षांनी शाळेत शिकवत असताना मी एका पुस्तकात वाचलं की पिलांची राखण बहुतेक वेळा नर करतो. म्हणजे मी माय नाही, बाप मारला. त्यानं मला हलकं वाटलं असं काही झालं नाही.

गोदाबाईनं मरळ पाहिली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. गोठ्याच्या मागं आम्ही तीन दगड मांडले. मडकं आढ्यावरून काढायला नको म्हणून फुटक्या घागरीचं खापर घेतलं. माशाला राख चोळताना तिनं वर न बघता विचारलं, "पिलं त नव्हती ना वं तिथं?" मी म्हटलं, "नव्हती." एवढंच. तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता. मग ती दोन्ही पाय पसरून, पोट सावरत जमिनीवर बसली आणि जेवली. आयुष्यात मी कुणाला तसं जेवताना पाहिलेलं नाही. घाम पुसत होती, बोटं चाटत होती, मध्येच हसत होती. डोकं शेवटी खाल्लं. मला देत होती, मी एक घास घेतला आणि हात मागं घेतला. "काहून खात नाही?" म्हणाली. मी म्हटलं, सोमवार आहे. ती खूप हसली आणि पोटाला हात लावून म्हणाली, "बघ, हा बी हासून राह्यला." काटे आम्ही शेणखताच्या खड्ड्यापाशी पुरले.

दुसऱ्या दिवशी मी डबऱ्यावर गेले. पिलं होती, पण पुंजका लहान झाला होता आणि विस्कटल्यासारखा फिरत होता. एक खंड्या बाभळीच्या फांदीवर बसला होता. तो सूर मारायचा, फांदीवर जायचा, पुन्हा सूर मारायचा. पाणसापही होता. मी खडे गोळा केले आणि खंड्याला हाकलत बसले. दुपारभर बसले. घरी मार खाल्ला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. खालून दुसरे मासे येऊन पिलं ओढत होते, त्यांना मी काय करणार होते? पाण्यात उतरून हात हलवले, तर पिलंच घाबरली. त्याच्या पुढच्या दिवशी पाणी साधंच होतं. मी लव्हाळ्यात बसून रडले. मासा मारल्याचं रडू होतं ते, बाकी काही माझ्या मनात तोवर आलं नव्हतं.

गोदाबाईच्या कळा पोळ्याच्या आदल्या दिवशी सुरू झाल्या. दाई आली, म्हणाली होईल संध्याकाळपर्यंत. संध्याकाळ झाली, सकाळ झाली. पोळ्याच्या दिवशी दुपारनंतर गावातले बैल सजून वेशीकडे निघाले. आमची जोडी बाबांनी शेजारच्या माणसाच्या हाती दिली आणि ते ओट्यावरच उकिडवे बसून राहिले. गल्लीतून घुंगुरमाळा, डफडी, पोरांचा गलका, सगळं आमच्या दारावरून जात होतं. आत गोदाबाईचा आवाज एकदम थांबला. बाबा उठून उभे राहिले. आम्ही दोघं कान देऊन उभे, आणि बाहेर इतका गलबला की आम्हांला वाटलं, लेकरू रडत असेल, आपल्याला ऐकू येत नसेल. बाबा दारात जाऊन एका बैलवाल्याला म्हणालेसुद्धा, "जरा दमानं जाय ना बाप्पा, घरात लेकरू झालं." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मग दाई बाहेर आली आणि तिनं नुसता हात हलवला. मुलगा होता. बाबांनी त्याला नव्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. त्याला कुठं ठेवलं हे आम्हां बायांना सांगितलं नाही.

माझी नात नर्स आहे. ती म्हणते, आजी, नाळ गळ्याभोवती गुंडाळली असेल, दोन दिवस कळा म्हणजे बाळ आडवं असेल, आज असतं तर पोट कापून अर्ध्या तासात काढलं असतं. मी तिला हो म्हणते. ती शिकलेली आहे आणि बरोबरही आहे. पण मला ते दहा वर्षांच्या मुलीला सांगता येत नाही, आणि त्या दिवसापासून माझ्या आत तीच बसली आहे.

पाचव्या की सहाव्या दिवशी कुत्र्यानं खड्डा उकरला. माय शेण टाकायला गेली होती, ती हातात मरळीच्या डोक्याची कवटी घेऊन आत आली. मी चुलीपाशी होते. गोदाबाई बाजेवर पडून होती, छातीला घट्ट फडकं बांधलेलं, दूध आटावं म्हणून. माय माझ्याकडे वळली, तिला कुणी आणली हे विचारायची गरज नव्हती. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला, "म्या मांगतली, माय. पोट्टीले म्याच धाडलं. तिले काही म्हनू नको." माय कवटी हातात घेऊन बाजेकडे वळली. "श्रावनात?" म्हणाली. "सोमवारी," गोदाबाई म्हणाली. समोरून विचारलं की तिला खोटं बोलता येत नसे. माय ओरडली नाही, तिनं आम्हां दोघींना हातही लावला नाही. ती खाली बसली आणि हळू म्हणाली, "मंग देवाले कायले बोल लावू मी." गोदाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. आणि मी चुलीपाशी गप्प होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं: श्रावणानं नाही झालं, सोमवारानं नाही झालं, पिलं होती तिथं, मी पाहून टाकली, तिनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. चार शब्द होते. पण ती नियम शिकवणारी होती आणि तो मी मोडला होता. तिनं माझ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं असतं, ते मला नको होतं. तेवढ्यासाठी मी तिला भिंतीकडे तोंड करून पडू दिलं.

गोष्ट मेडशीला पोचलीच. तिला न्यायला गाडी चार महिने उशिरा आली. पुढे तिला मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. ती सवत मनानं चांगली निघाली, तिची तिन्ही लेकरं गोदाबाईनंच वाढवली. पण श्रावण लागला की ती घरात असून नसल्यासारखी होई. महिनाभर एकदा जेवायचं, तेही मुठीएवढं, मीठ न घालता. सोमवारी पाणीसुद्धा नाही. पोरं म्हणत, मोठी आई, आता वय झालं, सोड. ती म्हणे, माझं मला फेडू द्या. मी शिकले, मास्तरीण झाले, माझं लग्न झालं, लेकरं झाली. अधूनमधून मेडशीला जात राहिले. आणि दर वेळी परतीच्या गाडीत बसताना ठरवत राहिले, की पुढच्या वेळी सांगू.

सांगितलं ते तिचे केस पूर्ण पांढरे झाल्यावर. श्रावणातलाच सोमवार होता, दुपारची वेळ. ती पडवीत बसून महादेवासाठी वाती वळत होती, ओठ कोरडे पडलेले. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं, पाणी लाल झालं तिथपासून. तिचे हात थांबले नाहीत. कापूस ओढायचा, मांडीवर वळायचा, ताटात ठेवायचा.

"किती होती?" तिनं विचारलं.

"लय होती, बाई."

"मंग काय झालं त्याचं?"

"दोन दिवस मी खंड्या हाकलला. मंग नव्हती."

मला वाटलं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्हींसाठी मी तयारीनं गेले होते. ती वाती मोजत असल्यासारखी ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "तवा सांगतलं असतं त येखादा श्रावन तरी मी पोटभर जेवली असती वं, सुभे."

रागानं नाही म्हणाली. नुसतं सांगितलं. मला तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं, ते जमलं नाही. मी उठले, आत जाऊन टोपल्यातली भाकर आणि वरण ताटलीत घेतलं आणि आणून तिच्यापुढे ठेवलं. म्हटलं, आता तरी जेव, तुझा काही दोष नव्हता. तिनं ताटली पाहिली. मग ती हातानं माझ्याकडे सरकवली.

"सोमवार हाये आज," म्हणाली. "तू खाय. सकाळपासून उपाशी आली असशीन, अन् तुया मोटारले येळ हाये."

ती पुन्हा वाती वळायला लागली, आणि तिच्यासमोर बसून मी जेवले.